नकाशात गोदाम

गावाचं नाव लिहीत नाही. महाडहून पोलादपूरला जाताना हायवेला लागून आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटल्यासारखी श्वास सोडतात.

शाळेच्या फाटकासमोर दुकान उघडलं. बर्गर, मोमो, लालभडक चायनीज. मालक मुंबईत हॉटेलात राबून परत आलेला. सुट्टीची घंटा झाली की पोरं थेट त्याच्या काउंटरवर. माझी पुतणी सातवीत होती. आमची मूळ वाडी कुडपणच्या अंगाला डोंगरात, तिथे वरच्या वर्गांची सोय नाही, म्हणून वहिनीने पोर खाली आमच्याकडे ठेवलेली. तिचा डबा भरलेलाच परत यायचा आणि जीभ लाल.

मी पत्रकं काढली. शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरांत असल्या दुकानाला परवानगी नको, एवढीच मागणी. ग्रामसभेत भांडून ठराव करून घेतला. हात वर करणारे अर्धे लोक सभा सुटल्यावर त्याच दुकानात मोमो खायला गेले. तेही मी पुढच्या पत्रकात छापलं.

मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेतलं. अंतराच्या मोजणीला कोणाला बोलावू नकोस, म्हणाल्या. सुट्टीपुरतं दुकान बंद ठेवायला मी त्याला राजी करते. तो राजी होईल हे तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं. त्याने शाळेला पाण्याचा कूलर दिला होता. कूलरचंही पत्रक निघालं. बाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या.

मग माझ्या अर्जावरून नगररचनेचा साहेब आला, फीत आणि नकाशा घेऊन. निम्मं गाव रस्त्यावर. फीत फाटकाला लावणार तेवढ्यात त्याने नकाशा उलगडला आणि विचारलं,

"हे फाटक कशाचं?"

"शाळेचं."

"इथे तर गोदाम आहे."

खरं होतं. जुन्या शाळेत पुराचं पाणी शिरलं तेव्हा वर्ग तात्पुरते भातगिरणीच्या गोदामात आणले होते. तात्पुरतं ते कायमचं झालं. कागद बदलायचं शाळा चालवणाऱ्या संस्थेला सुचलं नाही, सुचलं असेल तर परवडलं नाही. बाईंना माहीत होतं. त्या हे उघड बोलल्या असत्या तर त्यांच्याच शब्दाने शाळा बुडाली असती.

दुकानदार दारात उभा राहून हसला. "मॅडम, रूल तो रूल हाय. गोदामासमोर बर्गर विकायला मनाई नाय ना?"

लोकही हसले. ज्यांची पोरं आत बाकांवर बसली होती तेही हसले.

नकाशात शाळा नाही, म्हणून दुकानाला अट लागू होत नव्हती. पण गोदामात पोरं बसवली आहेत हे मात्र आता कागदावर आलं. आत जाण्यायेण्याला एकच दार, आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही. साहेबाने खोटं काही लिहिलं नाही. काही दिवसांत शाळा बंद करण्याचा आदेश आला आणि पोरांना हायवेपलीकडच्या शाळेत घ्यायचं ठरलं. मधे चार पदरी रस्ता, वर पूल नाही, खाली बोगदा नाही.

मी पुन्हा पत्रक काढलं. या वेळी कोणी हातात घेतलं नाही.

वहिनी डोंगरातून खाली आली. शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने चहा घेतला, पोरीचे कपडे गोळा केले. मी अपिलाचं सांगत होते. जागेचा वापर बदलून घेता येतो, भिंतीत दुसरं दार पाडता येतं, संस्थेच्या मानगुटीवर बसायला हवं. पोरीला तोवर मी स्वतः रस्ता ओलांडून देईन, असंही म्हणाले.

"रोज?" वहिनीने विचारलं. "आन् तुमची सभा असली की?"

तिने पिशवीची गाठ मारली.

"आता दुकानाजवळ शाळा नाय. झालं ना वन्सं तुमच्या मनासारखं?"

पोर म्हणाली, आई, चाचणी झाल्यावर जाऊ. चाचणी कसली आता, म्हणून वहिनीने तिच्या पायात चपला सरकवल्या.

अपील मी केलं आहे आणि मागे घेणार नाही. चौकशी केली की सांगतात, अर्ज योग्य टेबलावर आहे. पोर वर नाचणीच्या शेतात बेणणी करते, तण उपटते. भाऊ मुंबईहून फोनवर म्हणाला की तिच्यासाठी एक स्थळ चालून आलंय, अजून लहान आहे म्हणून थांबायला सांगितलंय.