फाटकाबाहेरचा साह्विरा

पास्कोबाईंनी शोना मुलखातल्या न्यामुरोवेच्या मिशन शाळेत उभा जन्म काढला. परदेशातून आल्या तेव्हा मुलींना शिकवायचं म्हटलं की गावातले बाप हसत. बाई घरोघर जायच्या, इथल्या रीतीने तळहात वाजवून मान द्यायच्या आणि मुलगी पदरात पडेपर्यंत चटईवरून उठायच्या नाहीत. सेकेसाई त्यातलीच एक. आता ती लहान वर्गाला शिकवायची आणि अंथरुणाला खिळलेल्या बाईंना मक्याची पेज भरवायची.

"सेकेसाई, माझ्या मयतीला कोण हसवील गं?" बाईंनी एका सकाळी विचारलं.

तिच्या हातातला चमचा थांबला.

शोना माणसाच्या मयतीला साह्विरा लागतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा असलेल्या दुसऱ्या कुळातला माणूस. तो मेलेल्याचे कपडे घालतो, त्याची चाल चालतो, त्याची उणीदुणी काढतो. रडणारी माणसं हसतात आणि गेलेला आपला होता याची खूण पटते. पण बाई नवीन असताना गावातला साह्विरा तावेंग्वा एका मयत म्हातारीची टोपी घालून चर्चच्या आवारात नाचला. बाई कडाडल्या, "देवाच्या दारात थट्टा? या फाटकाच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही." तेव्हापासून मिशनच्या मयती मुक्या झाल्या.

"तुम्हाला इथलं कूळ नाही, बाई. साह्विरा कुठला?"

"म्हणून तर तावेंग्वाला विचार. माझं चुकलं म्हणून सांग."

म्हातारा तावेंग्वा आपल्या अंगणात कुदळीचा दांडा तासत होता. सेकेसाई खाली बसली, तळहात वाजवले, निरोप सांगितला.

"तोंड तिनेच शिवलं," तो म्हणाला, "आणि टाके उसवायला तुला पाठवलं होय, मास्तरीणबाई? माझी आई तुमच्या धर्मात गेली. तुमच्याच आवारात पुरली. कुणी हसलं तिच्यासाठी? मुकीच गेली बिचारी. जा, सांग तिला. नाही म्हणाला."

सेकेसाईला खोटं बोलवेना. बाईंनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "बरोबर आहे त्याचं," एवढंच म्हणाल्या. मग कुणाशी बोलल्या नाहीत. रविवारच्या आत गेल्या.

चर्चच्या महिला मंडळाच्या बायका लाल पोलकी, पांढऱ्या टोप्या घालून आल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, गाणी झाली. मग नुसता माती पडल्याचा आवाज.

एवढ्यात फाटकावर काठी आपटली.

"पाठ ताठ! कोण कुजबुजतंय तिकडे?"

हुबेहूब बाईंचा आवाज. आणि शेवटच्या रांगेपर्यंत साऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या पाठी आपोआप ताठ झाल्या. तावेंग्वा बाहेर उभा होता, नाकावर बाईंच्यासारखा, तार वळवून केलेला चष्मा. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच जणी डोळे पुसत हसायला लागल्या.

सेकेसाई फाटकापाशी धावली. "आजोबा, आत या ना."

"बाईंची मनाई आहे. मेली म्हणून काय झालं? छडी सोडून गेली असेल का ती?"

पुन्हा हशा उठला. सेकेसाईही हसली आणि तिने फाटक सताड उघडून धरलं. म्हाताऱ्याने फाटकाच्या आत बोटही टाकलं नाही. माती भरून होईस्तोवर तो निघून गेला होता.

देव गेलेल्या माणसांना सगळं ऐकवतो, असं पाद्रीबाबा सांगतात. म्हणजे बाईंनी तो हशाही ऐकला असेल, यावर सेकेसाईचा विश्वास आहे. पण रोज प्रार्थनेला गुडघे टेकले की तिला भिंतीकडे वळलेलं ते तोंड दिसतं, आणि ऐकू येतं त्या कानांत तिनेच घातलेलं, "नाही म्हणाला."