मुठीच्या मडक्यात सरकी

आमच्या गावात ख्रिस्ती घरं चारच. रोज दळायला बसताना प्रत्येक घरची बाई ज्वारीची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. महिन्यातल्या आपल्या वाट्याच्या रविवारी ते मडकं आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन ओतायचं. देवळामागच्या खोलीत एक आंधळी म्हातारी एकटी राहायची. पुढचा आठवडा तिची भाकर त्याच ज्वारीची.

मी पंधरा वर्षांची सून, वरवट बकालजवळच्या त्या खेड्यात नुकतीच नांदायला आलेली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा आणि आमच्या घराचा सासूबाईंच्या पाटावरून. मुठीचं मडकं त्यांनी माझ्या हवाली केलं. एवढी हुशार बाई, पण चुकली.

आमच्या रविवारच्या आदल्या दिवशी बांगड्या विकणारी मण्यारीण दारात आली. सासूबाई वावरात होत्या. हिरव्या बांगड्या, त्यांवर सोनेरी ठिपके.

"हात पाह्य बेटी, लोणी हाय लोणी."

गोवऱ्या थापून खरबरीत झालेला तो हात. पण मला पटलं. बांगड्या धान्यावर मिळायच्या. मी मडकं तिच्या टोपल्यात रिकामं केलं. मग ती जागा म्हशीसाठी ठेवलेल्या सरकीने भरली आणि वर दोन मुठी ज्वारी पसरली. दिवसभर विनाकारण भांडी घासली, किणकिण ऐकायला. आपल्याइतकं सुखी जगात कोणी नाही, असं वाटत होतं. मडकं ओतलं की तळाचं वर येतं, हे मात्र त्या डोक्यात शिरलं नाही.

रविवारी उपासनेनंतर मडकं चादरीवर ओतलं. सरकीच सरकी वर आली. म्हातारीने ओंजळ भरून चाचपली.

"बाई वो, मायाजवळ म्हैस कुठं हाय?"

अख्खं देऊळ हसलं. माझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मला पळायचं होतं, पण मी म्हातारीजवळ गेले आणि सगळं सांगितलं. तिने माझा हात धरून बांगड्या वाजवून पाहिल्या.

"आवाज गोड हाय वो. पण मले चावता येत नाही ना त्या."

घरी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुयी भाकर तिले."

मी माझ्या वाटची ज्वारी घेऊन म्हातारीकडे गेले. तिच्या जात्यावर दळलं. दोन बांगड्या तिथेच फुटल्या, तिसरी पीठ मळताना गेली. पहिली भाकर एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. म्हातारीने ताट पुढे ओढून डोकं झुकवलं.

"प्रभू, या पोरीच्या बांगड्यांसाठी तुये उपकार. त्याच्यानंच आज गरम भाकर भेटली."

मी उपाशी, पोटात कावळे ओरडताहेत, आणि मला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं. म्हातारीने अर्धी भाकर मोडून माझ्यापुढे केली. जळकी बाजू बरोबर माझ्याकडे. आंधळी होती, पण हिशेबाची पक्की.

शिक्षा एका आठवड्याची होती. आठव्या दिवशी मला कोणी पाठवलं नव्हतं, तरी मी गेले. ती प्रभूकडे जाईपर्यंत तिची भाकर मीच केली. ती गीत म्हणायची, मी सूर बिघडवायची. तो आनंद मी कधी लपवून ठेवला नाही, आणि तो अजून मला सोडून गेलेला नाही.