तरीची वाटी

कोपरखैरणे गावात हळद म्हटली की मटणाचा टोप भागीरथीचाच. नवरदेव कोणाच्याही घरचा असो, तिने चाखल्याशिवाय टोपावरचं झाकण काढायची कोणाची टाप नव्हती. वरची लालभडक तरी पळीने तळव्यावर घ्यायची, फुंकायची आणि चाटून टाकायची, ही तिची रीत.

बाई तशी पक्की. डायबेटिस निघाला तेव्हा रडत बसली नाही. चहातली साखर त्याच दिवशी बंद, घरी भाकरी आणि पालेभाजी. साखर आटोक्यात आली, पण रक्तातली चरबी चढली आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टर सुचिता बुचकळ्यात पडल्या.

"मावशी, किडनीची गाळणी खराब व्हायला लागलीय. आत्ता सुरुवात आहे, सावरता येईल. तेलकट काही खाता का?"

"देवाशप्पत नाय. जागृतीला इचारा, रांधते तीच."

सून जागृतीनेही मान डोलावली. कोणीच खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत! डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तरी पुढच्या तपासणीत प्रथिनं वाढलेलीच. भागीरथीची थोरली बहीण डायलिसिस करता करताच गेली होती. एरवी कोणाला न भिणारी ही बाई डायलिसिसला मात्र भ्यायची.

पुतण्याच्या हळदीला तिने डॉक्टरांना आग्रहाने बोलावलं. डॉक्टर संध्याकाळी लवकरच आल्या आणि थेट मांडवामागे चुलीपाशी गेल्या. भागीरथी रंगात आलेली. या टोपातलं चाट, त्या टोपातलं चाट, मीठ टाक, पुन्हा चाट.

"मावशी, हे काय?"

"चाखते. मंग काय, तसंच पानात वारू लोकांना?"

"आणि हे खाण्यात धरत नाही तुम्ही?"

भागीरथीला रागच आला. पान मांडून बसल्याशिवाय खाणं कसं होईल? हळदीच्या घरी ती कधीच जेवायची नाही. सगळ्यांना वाढून झालं की घरी जाऊन भाकरी खायची, आणि त्याचा तिला केवढा अभिमान!

डॉक्टरांनी वाद घातला नाही. एक वाटी पुढे ठेवली. "जेवढं चाखाल, तेवढंच यातही टाका."

भागीरथी हसली आणि टाकत गेली. पंगत बसेस्तोवर वाटी भरली, दुसरी घ्यावी लागली. पहिलीवर निवल्यावर चरबीचा जाड थर धरला होता.

"ह्ये सगलं माझ्या पोटात?" तिने विचारलं.

"हे आजचं. लग्नसराईत किती हळदी करता?"

भागीरथी बोटांवर मोजायला लागली. तिला बहीण आठवली.

पुढच्या हळदीला तिने तरी जागृतीच्या तळव्यावर ओतली. पोरगी घाबरली, चाटून म्हणाली, "बरोबर हाय, आई." भागीरथीने तिच्या तोंडाकडे बघितलं. "बरोबर हाय तर पान्याकडं कशाला बघतेस? खारट झालंय. बटाटं सोड."

लग्नसराई सरली. गोळ्या चालूच होत्या, आणि यावेळी चरबी उतरली, प्रथिनंही कमी झाली. डॉक्टर खूश झाल्या, पण भागीरथीला नवल वाटलं नाही. आपण मनावर घेतलं की होतंच, हे तिला ठाऊक होतं.

नव्या मोसमातल्या पहिल्याच हळदीला गावातले म्हातारे नामदेव टोपापाशी अडून बसले. भागीरथीने चाखल्याशिवाय ते जेवणार नव्हते. जागृतीने पळी खाली ठेवली आणि सासूकडे बघितलं.

भागीरथीने आपला कोरडा तळवा त्यांना दाखवला. "माझ्या सुनेनं चाखलंय. झाकन काढा."