सिहोऱ्याचा ब्लॉक

पार्सल बांधायला घेतलं होतं, पण यादीतला शेवटचा रकाना रिकामा होता. रोगी आज जिवंत आहे का?

ही ऐंशीनंतरची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन होतो. परदेशातल्या एका संशोधन संस्थेला तोंडाच्या कॅन्सरचे ब्लॉक हवे होते. तंबाखूसोबत एखादा व्हायरसही या रोगामागे आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. आमच्याकडे गालात तंबाखू धरणारे पुष्कळ. त्यामुळे ब्लॉकही पुष्कळ.

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनच्या बरणीत टाकतात, म्हणजे तो सडत नाही. मग स्पिरिटने त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघायचे. उरलेली वडी वर्षानुवर्षं राहते. मी एकही फेकली नव्हती. कपाटात सगळ्या नंबरवार लावलेल्या होत्या, आणि मला त्याचा अभिमान होता.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम दर बुधवारी नागपूरहून येत. त्या म्हणाल्या, "घरोघरी जाऊन विचारून या. आणि घरच्यांची परवानगी घ्या." अशी परवानगी तेव्हा कोणी मागत नसे. मॅडम मागत.

सुटीच्या दिवशी एसटीने फिरलो. पवनीचे तिन्ही रोगी वारले होते. जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या फिटरच्या क्वार्टरमध्ये दुसरंच कुटुंब राहत होतं. तो वारल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. रकान्यात मी एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होतो. जिवंत असं कोणाच्याच नावापुढे लिहायला मिळालं नाही.

शेवटी सिहोऱ्याला गेलो. तिथले डोमाजी बाजारोबाजार पितळेची भांडी विकायचे. अर्धा जबडा काढूनही ते वर्षभरात गेले. त्यांची बायको सीताबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी येण्याचं कारण सांगितलं. तो तुकडा अजून आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, जरा तोऱ्यातच.

"मंग थो मले देऊन टाका, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यायची राख वैनगंगेत शिरवली. पन आंग पुरं नव्हतं. मले थेच सलते."

मी तासभर समजावलं. तिकडचे मोठे डॉक्टर, मोठ्या मशिनी. यातून काही कळलं तर पुढे कोणाचा जबडा काढावा लागणार नाही, असंही म्हणालो. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ते माझ्याच पदरचं होतं.

त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "कोनाचा जीव वाचत असन तं न्या." आणि कागदावर अंगठा दिला.

पार्सल गेलं. वर्ष होत आलं तेव्हा पत्र आलं. भाषा सभ्य होती. आभार होते. मजकूर एवढाच, की आमच्या एकाही ब्लॉकमधून त्यांना व्हायरस तपासण्याजोगं काही मिळालं नाही. तुकडे फॉर्मलिनमध्ये फार दिवस राहिलेले दिसतात आणि फॉर्मलिन आम्लयुक्त झालेलं असावं, असं त्यांनी लिहिलं होतं.

ते खरं होतं. तुकडा एक-दोन दिवसांत बरणीतून काढायचा असतो. आमचं स्पिरिट संपलं की बरण्या महिना महिना तशाच पडून राहत. फॉर्मलिन पडून राहिलं की आम्लयुक्त होत जातं. ते होऊ नये म्हणून त्यात दोन क्षार घालायचे असतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण क्षार न घालताही स्लाइड वाचता येत होती, म्हणून मी कधी घातले नाहीत.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "निदानं तर बरोबर आली होती ना?" त्या म्हणाल्या. "मग सोडा आता."

मी एकच ब्लॉक परत मागवायला सांगितलं. डोमाजींच्या ब्लॉकचा नंबर लिहून दिला. उत्तर आलं की चाचणीसाठी ब्लॉक पूर्ण कापावे लागले, उरलेलं नियमाप्रमाणे जाळलं.

मी सिहोऱ्याला गेलो. न जाता भागलं असतं, कोणी विचारणार नव्हतं. सीताबाईंना सगळं सांगितलं, बरण्यांचंही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तवाच देला असता तं तुमचं काय बिघडलं असतं?" त्यांनी विचारलं.

काहीच बिघडलं नसतं. मी तसं म्हणालोही. त्या उठून आत गेल्या. मी थोडा वेळ अंगणात थांबलो, मग स्टँडवर आलो.

पुढे रिटायर होईपर्यंत मी प्रत्येक बरणीवर तुकडा टाकल्याची तारीख लिहिली. परदेशातून पुन्हा कोणी काही मागितलं नाही. नव्या टेक्निशियनला मी एवढंच शिकवत असे: स्लाइड वाचता येते म्हणजे तुकडा नीट राखला, असं नाही. आणि फॉर्मलिनमध्ये क्षार मोजून घालायला पाच मिनिटं लागतात.