टीव्हीसाठी बुजवलेली खिडकी

नवरा माझ्या टेपनं समोरच्या खोलीची लांबी मोजत होता. कपडे बेतायची मऊ, पिवळी टेप. तिचं एक टोक त्यानं शिलाई मशीनच्या पायाखाली दाबून ठेवलं होतं आणि दुसरं टोक धरून तो उलटा उलटा चालत दाराकडे येत होता. टेप पुरेना, तेव्हा त्यानं फरशीवर खडूनं खूण केली. खडूही माझाच. मला वाटलं, फरशी बदलायचं मनात असेल.

"काय मोजता?" मी विचारलं.

"टीव्ही किती लांबून पाहायचा, ते पाहून राहिलो. मोठा घ्यायचा म्हणजे अंतर लागतं."

"इथं? या खोलीत?"

"मग कुठं? स्वयंपाकघरात?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात रंगीत टीव्ही नुकते घरांत येऊ लागले होते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबानं घरी टीव्हीची वेगळी खोली केली होती. सोफा, गालिचा, जाड पडदे, आणि भिंतीशी लाकडी कपाटातला भला मोठा टीव्ही. एका रविवारी आम्हाला तिथं चहाला बोलावलं होतं. परत येताना स्कूटरवर नवरा एक शब्द बोलला नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

समोरची खोली म्हणजे माझा शिवणक्लास. मी सावनेरची. लग्नाआधीच शिवणकामाची परीक्षा दिलेली होती. प्रताप नगरातलं हे घर बांधलं तेव्हा सासरे हयात होते. मी त्यांना मामाजी म्हणायची. मिस्त्री नकाशा घेऊन आला, तेव्हा मामाजींनी मला बाहेर बोलावून घेतलं आणि विचारलं, "तुझी मशीन कुठं राहीन वं सूनबाई?" मी जागा दाखवली. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, "इथं उत्तरेले मोठी खिडकी ठेव. कट्टा खाली घे. सुईवर उजेड पडला पाहिजे, डोळ्यात नाही." त्या घरात कुणी मला विचारून काही केलं असेल, तर ते एवढंच.

त्या खिडकीशी दुपारी मुली बसायच्या. कुणाचं लग्न ठरलेलं असे, कुणाची शाळा सुटलेली असे, एकीला नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं होतं. मशीन चालवता चालवता त्या बोलायच्या. घरी जे कुणी ऐकून घेत नव्हतं, ते तिथं बोलायच्या. काज कसं करायचं ते मी शिकवत होते, पण त्या खोलीत शिवण्यापलीकडचंही बरंच चालायचं. नवऱ्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो ऑफिसातून यायचा, तोवर चिंध्या झाडून झालेल्या असत.

टीव्ही पसंत करायला आम्ही बर्डीवरच्या बाजारात गेलो. नवरा, माझा धाकटा दीर आणि मी. मला का नेलं, ते दुकानात कळलं. दुकानात एका ओळीत टीव्ही लावलेले. सगळ्यांवर एकच बाई एकच बातमी सांगत होती. कुठं ती हिरवी दिसत होती, कुठं लाल. टाय लावलेला विक्रेता नवऱ्याशी बोलायचा, दिराशी बोलायचा, आणि माझ्याकडे वळला की नुसता हसायचा.

मी म्हटलं, "हा लहान काय वाईट आहे? मधल्या खोलीत सहज मावेल. क्लासही हलवावा लागणार नाही."

दीर हसला. "वहिनी, त्याच्यात माणसं मुंग्यांएवढी दिसतीन. घ्यायचाच आहे त गल्लीत कोणाकडे नसन असा घ्यावा."

विक्रेत्यानं मग सगळ्यांत मोठा सेट लावला. लाकडी कपाट, खाली चार पाय, समोर दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं आणि त्या दारांना कुलूप. "काच पाहा साहेब," तो म्हणाला, "जुन्या सेटसारखी फुगीर नाही. सपाटीकडे आहे. कोपऱ्यात बसलेल्यालाही चित्र वाकडं दिसणार नाही." दोघा भावांनी खाली वाकून काच पाहिली. कडेला जाऊन पाहिली. मागे जाऊन पाहिली. मुलगी पाहायला गेले तेव्हा यांनी एवढं पाहिलं नव्हतं.

"खोलीत समोरून उजेड येतो का?" विक्रेत्यानं विचारलं. "मोठी खिडकी असेल तर काचेवर झळक मारते. मग एवढा महागाचा सेट घेऊन फायदा नाही."

"खिडकी आहे," नवरा म्हणाला. "बुजवून टाकू."

एवढंच. बाहेर पानठेल्यावर सुपारी मागावी, तसं तो बोलला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. मग तो माझ्याकडे वळला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "तू लाकडाचा रंग सांग. शिसवी घ्यायचा की सागवानी? तुझ्या पसंतीचा घेऊ."

"मला विचारायचं असेल तर खिडकीचं विचारा," मी म्हटलं.

माझा आवाज चढला असणार, कारण शेजारचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं. विक्रेता टेबलावरची नसलेली धूळ पुसू लागला. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. तो विक्रेत्याला म्हणाला, "शिसवी द्या."

पुढच्याच आठवड्यात मिस्त्री आला. मामाजींनी बोलावलेला नव्हे, दुसराच कुणी. त्यानं आधी गज काढले, मग चौकट उपटली. विटांचे थर एकावर एक चढत होते आणि मी स्वयंपाकघरात कणीक तिंबत होते. त्या दिवशीच्या पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. त्या न बोलण्याची चीड मला आजही येते, पण ती माझ्यावर नाही. ज्या घरात बाईचं बोलणं आवाज चढल्याशिवाय ऐकूच जात नाही आणि आवाज चढला की तिला वेड लागलं म्हणतात, त्या घरावर ती आहे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काय करतं वं आता! माणसाच्या हौसेपुढं आपलं काय चालते? मलेबी पाहू दे थोडा टीव्ही." मला त्यांचाही राग आला. त्यांच्याच नवऱ्यानं ठेवलेली खिडकी होती ती.

क्लास मागच्या टिनाच्या पडवीत गेला. एका बाजूनं न्हाणीघराची भिंत, दुसऱ्या बाजूनं शेजाऱ्याचं कुंपण. उजेड यायचा तो तिरपा, आणि शिवणाऱ्या हाताची सावली नेमकी सुईवर पडायची. एप्रिल लागला आणि टिन तापू लागलं. मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसायचा. घरात एकच कूलर होता. तो आता टीव्हीच्या खोलीत लावला होता. मी एकदा म्हटलं, दुपारी तिथं कुणी नसतं तर कूलर मागे लावू या. नवरा म्हणाला, "पाण्याच्या हवेनं सेट खराब होईल म्हणून मी तो दूर लावला आहे. सारखा हलवला तर स्टँड मोडेल." म्हणजे सेटला ओल सोसायची नाही आणि मुलींना ऊन सोसायचं. दोन मुलींनी क्लास सोडला. एकीच्या आईनं तोंडावर सांगितलं, "पोरगी घरी येऊन उलट्या करते बाई."

रविवारी संध्याकाळी मात्र अर्धी गल्ली आमच्याकडे. बायका खाली सतरंजीवर, पुरुष सोफ्यावर, आणि मी स्वयंपाकघरात. एवढा मोठा पडदा घरात होता, पण मी त्याच्यावर काय पाहिलं हे मला सांगता येणार नाही. दारातून कपांचा ट्रे घेऊन आत जाताना जेवढं दिसायचं तेवढंच. "वहिनी, जरा बाजूला व्हा," हे वाक्य मात्र मला पाठ झालं होतं.

मे महिन्यात एक दिवस क्रिकेटची मॅच होती. नवरा आणि दीर दोघांनी रजा टाकली. दिराचे मित्र जमले. दारं लावलेली, कूलर चालू. मागे पडवीत माझ्या चार मुली शिवत होत्या. त्यांतल्या एकीचं लग्न जवळ आलं होतं आणि ती स्वतःच्या लग्नातला ब्लाउज स्वतः शिवत होती. जरीचा काठ होता, कपडा निसटत होता. घामानं बोटं ओली. ती काठ दाबायला खाली वाकली, तिच्याच सावलीत हात पुढे सरकला आणि सुई तिच्या नखातून आरपार गेली. गेली आणि मोडली.

ती ओरडली नाही. नुसती "बाई" म्हणाली आणि पांढरी पडली. मी चाक उलटं फिरवून बोट सोडवलं. सुईचा तुकडा आतच राहिला होता. रक्त त्या जरीवर सांडत होतं.

मी धावत समोरच्या खोलीत गेले. "अहो, लवकर स्कूटर काढा. पोरीच्या बोटात सुई गेली. डॉक्टरकडे न्यावं लागेल."

नवऱ्यानं मान वळवली नाही. हात वर केला, वर्गात गडबड करणाऱ्या पोराला दाखवावा तसा. "एक मिनिट. ओव्हर संपू दे."

मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दीर म्हणाला, "वहिनी, दोनच बॉल राहिले." कुणीतरी हसलं.

मी पुढे गेले. टीव्हीच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. दोन्ही हातांनी ती शिसवी दारं ओढली, कुलूप लावलं आणि चावी काढून ब्लाउजमध्ये टाकली. आतून समालोचकाचा आवाज तसाच चालू होता. माणसं ओरडत होती, आणि समोर नुसतं लाकूड.

"तुले वेड लागलं काय?" नवरा उठला. चारचौघांत तो शुद्ध बोलायचा, पण संतापला की त्याची बोली वर यायची. "चावी दे! मी काय म्हणून राहिलो? चावी दे!"

मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाहेर पडले, कोपऱ्यावरून सायकलरिक्षा आणली, पोरीला मांडीशी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुईचा तुकडा काढला. ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडली. म्हणाली, "बाई, ब्लाउज खराब झाला." तिच्या आईकडे मी तिला पोचवलं आणि पायी घरी आले. रस्ता आगीसारखा होता. मला तो जाणवला नाही.

घरी मॅच पाहणारे सगळे दुसरीकडे निघून गेले होते. नवरा एकटाच त्या बंद कपाटासमोर बसला होता. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मला पाहताच तो उठला. "चारचौघांत माझी इज्जत घालवली तू. काय वाटलं असेल लोकांना? दे चावी."

मी काही बोलायच्या आत आत्याबाई पुढे झाल्या. त्यांचा तो आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

"कोणत्या तोंडानं मांगतं गा चावी? पोरीचं रगत वाहून राहिलं होतं अन् तू बॉल मोजून राहिला होता. तुझ्या बापानं खिडकी ठेवली होती थे काहून ठेवली होती? तू बुजवली, मी बोलली नाही. मले वाटलं, पोरगं हौसेनं करून राहिलं. हे हौस होय काय?"

त्या मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू हात धू वं आधी. रगत लागलं आहे."

चावी मी दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवली. टीव्हीशी माझं भांडण नव्हतं. पण त्याच आठवड्यात मी चौकातल्या पिठाच्या चक्कीवरची खोली भाड्यानं घेतली. मालकानं विचारलं, "घरचे काय म्हणतात?" मी म्हटलं, "खोली मी घेते आहे." मशीन हातगाडीवर घालून नेली. नवरा ओसरीवर पेपर वाचत होता. गाडीवाल्याला हातभार लावायलाही तो उठला नाही. आत्याबाईंनी मात्र गाठोडं उचलून फाटकापर्यंत आणलं.

चक्कीचा आवाज दिवसभर असायचा आणि सगळ्या कपड्यांवर पिठाची भुकटी बसायची. तरी मुली आल्या. सोडून गेलेल्या दोघींतली एक परत आली. ब्लाउजवालीनं लग्नात दुसरा ब्लाउज घातला, तो आम्ही सगळ्यांनी मिळून शिवला. क्लास त्या खोलीत बरीच वर्षं चालला. दुपारचा चहा घरी कोण करतं, हे मी विचारणं सोडून दिलं.

नवऱ्यानं कधी माफी मागितली नाही. उलट त्या प्रसंगाचा त्यानं किस्सा केला. पाहुणे आले, टीव्हीचा विषय निघाला की तो रंगवून सांगायचा, "आमच्याकडे तर हिनं ऐन मॅचमध्ये टीव्हीला कुलूप घातलं होतं! शेवटचे दोन बॉल राहिले होते, आणि ही चावी घेऊन पसार!" पाहुणे हसायचे. बायकाही हसायच्या. म्हणायच्या, "वहिनी, भारीच आहात तुम्ही." त्याच्या किस्स्यात पोरगी नव्हती, सुई नव्हती, रक्त नव्हतं. होती ती नुसती एक चिडखोर बायको.

कित्येक वर्षं मी ते ऐकून घेतलं. मग एकदा त्याच्याच ऑफिसातली माणसं जेवायला आली असताना त्यानं पुन्हा सुरुवात केली. मी वाढत होते. हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "कुलूप का घातलं तेही सांगा."

"झालं ना ते आता," तो हसत म्हणाला. "किती वर्षं झाली!"

"नाही झालं," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. ताटातला भात तसाच राहिला. सांगून झालं, तेव्हा मी भांडं उचललं आणि वरण कुणाला हवं ते विचारलं.