शेजारणीने केलेली पेज

आमची लेक अमेरिकेतल्या एका एवढ्याशा गावात डॉक्टर आहे. तिथले लोक त्याला सिटी म्हणतात. म्हणोत बापडे. एक सिग्नल, एक किराणा दुकान, चर्च मात्र गल्लोगल्ली, आणि माणसं बहुतेक म्हातारी. तरणी पोरं शिकायला बाहेर गेली ती परतलीच नाहीत. आपली माणसं किती आहेत, विचारलं तर म्हणाली, "आई, मला धरून एक."

इथे कतारला, दोह्यात, नेमकं उलटं. आपल्या माणसांना तोटा नाही, भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत हिंदीवर निभतं, पण म्हातारं माणूस औषधालाही सापडायचं नाही. नोकरी संपली की खलास, गाशा गुंडाळा. ह्यांचीही साठी जवळ आलीय. तोवर मी अबू हमूर भागातल्या या दोन खोल्यांत. गाडी हे ऑफिसला घेऊन जातात, बाहेर उन्हाची भट्टी, आणि चालत निघावं तर जायचं कुठे? दिवसभर एसीची घरघर ऐकत बसते. जीव नुसता कोंडतो.

लेकही तशीच अडकलेली. करार संपेपर्यंत ते गाव सोडता येत नाही, आणि देशाबाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री कुणी देत नाही. मी जाते म्हटलं, तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढच्या वर्षीची.

तिच्या शेजारी एक एकटी म्हातारी राहते. ती हिला केक आणून देते, बर्फ पडला की हिच्याही दारातला उपसून टाकते. "आई, शी इज सो स्वीट," लेक सांगायची. मला राग यायचा. हो, यायचा. माझ्या लेकीचे लाड करणारी ही कोण लागून गेली?

मग लेकीचं अपेंडिक्स काढावं लागलं. मला कळलं ते ऑपरेशन झाल्यावर. शेजारीणच घेऊन गेली, तीच उशाशी बसली. मी इथे स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. हे म्हणाले, "अगं, बस जरा. येरझाऱ्या घालून काय होणार?" बसून तरी काय होणार होतं?

घरी आल्यावर लेकीला काही जाईना. एका संध्याकाळी तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला, तर समोर शेजारीण. "ती पेज, पेज म्हणतेय," ती इंग्रजीत म्हणाली, "मला शिकवा."

माझं इंग्रजी दुकानापुरतं. तरी सांगितलं. तांदूळ मूठभर, पाणी भरपूर, दाणा मोडेपर्यंत शिजव, मीठ शेवटी, तूप नसेल तर लोणी चालेल. फोन ओट्यावर टेकवून ती मी सांगेन तसं ढवळत राहिली. मध्येच पळी उचलून दाखवायची. "नो, मोअर वॉटर," मी म्हणायची. हात चांगला होता बाईचा, खोटं कशाला बोलू.

मग वाडगा आणि फोन घेऊन ती आत गेली. लेक उशीला टेकून बसली होती, गाल बसलेले. शेजारणीने भरवलं. दोन चमचे पोटात गेले तशी लेक म्हणाली, "आई, अगदी तुझ्यासारखी झालीये गं."

पोरीच्या पोटात अन्न गेलं म्हणून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण मला ऐकायचं होतं, तुझ्यासारखी नाही जमली.

शेजारीण चमचा तसाच धरून विचारत होती, काय म्हणाली ती?

"व्हेरी गुड म्हणाली," मी सांगितलं. "गिव्ह हर मोअर."