बरणी बोलायची थांबली तेव्हा

बिसनाथ एका जागी बसलेला दिसला, तर खुशाल समजावं की त्याला ताप भरलाय. एरवी गड्याच्या पायाला जन्माची भिंगरी. सातासमुद्रापलीकडच्या बर्बिसच्या किनाऱ्यावर भरतीचा समुद्र शेतांपेक्षा उंच चढतो. तिथली उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, त्याने उभी हयात सांभाळली होती. ओहोटी लागली की दार उचलायचं, खाचरांतलं पाणी सोडायचं आणि भरतीच्या आत दार पाडायचं. समुद्राला माणसाच्या जेवणाखाणाची पर्वा नसते. नोकरी संपली तरी त्याच्या अंगातली भरती-ओहोटी काही जाईना. भरल्या ताटावरून उठून तो बांधावर जायचा, नव्या माणसाला "दार वाकडं बसलंय, डोळे आहेत का?" असं सुनवायचा आणि घरी येऊन गार वरण गिळायचा.

त्याची बायको द्रुपती नेमकी याच्या उलट. पाटीभर कोळंबी सोलायला बसली की संपेपर्यंत उठायची नाही. "एका घरात एकच वादळ पुरे," असं म्हणायची. त्यामुळे न्यूयॉर्कला त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, अंजनीला, बाळ झालं आणि द्रुपती ते सांभाळायला निघाली, तेव्हा मागे या माणसाचं काय होणार, याची चिंता त्याच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त पडली.

निघण्याआधी तिने जांभळं आणली. दफनभूमीच्या बांधावरची झाडं कुणाच्याच मालकीची नाहीत; ज्याने चादर पसरली, त्याची जांभळं. बिसनाथ सवयीप्रमाणे झाडावर चढू लागला.

"उतरा खाली!" द्रुपती ओरडली. "जांभळाची फांदी सांगून मोडत नाही. तिकिटाच्या दिवशी मला तुमचं हाड जोडत बसायचं नाही."

मग तिने बांबूने फांद्या हलवल्या, आणि हा खाली चादरीची चार टोकं सांभाळत नाचत राहिला. घरी येऊन तिने फळं चुरली, साखर घातली, लवंगा घातल्या, संत्र्याची वाळवलेली साल घातली. सगळं मोठ्या काचेच्या बरणीत भरून यीस्ट टाकलं. तोंडाशी बारीक नळी बसवली, भोवती कणीक लिंपली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं.

"नाताळला मी येऊन उघडेन. तोवर हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?"

"तुमचे हात मला ठाऊक आहेत. खाजले तर बदकांना दाणे घाला."

ती गेली, आणि घर बिसनाथला खायला उठलं. वर खोल्या रिकाम्या. घर खांबांवर उभं; खाली त्यांच्या सावलीत झोपाळा रिकामा, कारण त्यावर हा टिकेल तर ना! त्या पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून आवाज आला. बुडुक. थोड्या वेळाने पुन्हा बुडुक. बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे येत होते. वाइन कामाला लागली होती.

बिसनाथ तिच्याशी बोलायला लागला. आधी नुसतं "हं" म्हणायचा. मग "आज माशाला चव नव्हती," आणि मग चक्क भांडण. बुडुक झालं की म्हणायचा, "झालं तुझं सुरू? जातोय ना बदकांकडे!" पाटापलीकडची मिस युलीन पालक द्यायला आली आणि दारातच थबकली.

"बिसनाथ, आत कोण बाई आणलीस रे?"

"बरणी आहे."

"असं का! तुझ्यापुढे एवढं ऐकून घेणारी बरणीच पाहिजे," म्हणून ती हसत सुटली.

रविवारी फोन यायचा. बाळ दिसायचं, अंजनी दिसायची, द्रुपतीचा अर्धा कान दिसायचा. पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी अंजनी म्हणाली, "बाबा, आईचे इथे कायमचं राहायचे कागद करायला घेतलेत. तुमचेही करू. आता तिथं काय ठेवलंय?"

"बदकं आहेत," बिसनाथ म्हणाला. मग म्हणाला, "आईला दे."

"बघू हो," द्रुपती म्हणाली. "नाताळला येते ना, तेव्हा बोलू."

लग्नाला एवढी वर्षं झाली. या बाईचं 'बघू' म्हणजे काय, ते त्याला कळायला हवं होतं; पण 'हो'लाही ती बघूच म्हणायची आणि 'नाही'लाही. ती नाताळपुरती येणार की कायमची, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. त्या आठवड्यात तो उघाडीवर इतक्यांदा गेला, की नव्या माणसाने वैतागून दाराची साखळीच त्याच्या हातात दिली. "घ्या काका, तुम्हीच ओढा. मी घरी जाऊन झोपतो."

अशातच एका दुपारी घर गप्प वाटलं. बिसनाथने कान लावला. बुडबुडा नाही. त्याने बाटली हलवली, कणीक चाचपली, अर्धा तास बरणीसमोर येरझाऱ्या घातल्या. वाइन व्हायची ती झाली होती, पोटातली साखर संपली की ती आपोआप गप्प बसते, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यालाही ठाऊक होतं. पण ती शांतता त्याला सोसवेना. त्याने कणीक फोडली, मूठभर साखर आत टाकली आणि पुन्हा लिंपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बुडुक. बिसनाथ एकटाच हसला.

मग ते व्यसनच झालं. बरणी मंदावली की मूठभर साखर. वाइन निवळायचं नाव घेईना, गढूळच राहिली. मिस युलीनने एकदा त्याला रंगेहाथ पकडलं.

"अरे मूर्खा, नाताळला द्रुपती काय पिणार? काकवी?"

"तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

नाताळच्या आदल्या आठवड्यात द्रुपती आली. जाडजूड कोट, दोन भल्यामोठ्या बॅगा. बिसनाथची नजर पहिली बॅगांवरच गेली. कायमचं येणारं माणूस किती सामान आणतं, याचा त्याला अंदाज येईना. ती मात्र थेट स्वयंपाकघरात गेली, कणकेकडे बघितलं, पेल्यात घोटभर काढून जिभेवर धरलं. बराच वेळ गिळलं नाही.

"साखर घातलीत."

बिसनाथ बदकांकडे निघाला.

"थांबा. किती वेळा?"

"मोजलं नाही."

"का पण? मी शिकवलं नाही का? गप्प झाली की झाली म्हणून?"

"तेच तर," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "गप्प झाली होती."

द्रुपतीने पेला विसळून पालथा घातला. नाताळला तीच गढूळ, गोडमिट्ट, डोक्यात चढणारी वाइन तिने बदकाच्या रश्शाबरोबर सगळ्यांना वाढली. कुणी नावं ठेवायला गेलंच तर म्हणाली, "यंदाची अशीच केली आहे, प्यायची तर प्या."

पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कोळंबी सोलताना मध्येच उठायची, फोन बघायची. शेजारचं मूल रडलं की दचकून उभी राहायची. बिसनाथला हे सगळं दिसत होतं. आपली भिंगरी आता तिच्या पायाला लागली होती. विचारावं म्हणून तो घरात यायचा आणि न विचारताच बांधावर जायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी तो उघाडीवरून परतला, तर द्रुपती स्वयंपाकघरात खाली बसली होती. निम्मी वाइन तिने बाटल्यांत काढून ठेवली होती. शेजारी उकळून गार केलेलं साखरपाणी पातेलंभर. बरणीच्या तोंडात नरसाळं लावून ती एकटीच ओतायची खटपट करत होती, आणि नरसाळं कलत होतं.

बिसनाथ दारात उभा राहिला. त्याला आता काही विचारायचं उरलं नव्हतं.

"एवढ्या साखरेवर पुढच्या जांभळांपर्यंत बोलेल ती," द्रुपती वर न बघता म्हणाली. "मंदावली तर मूठभर घाला. मी रागवायची नाही."

तो तिच्यासमोर बसला आणि दोन्ही हातांनी नरसाळं धरलं. तिने ओतलं, नळी बसवली, कणीक लिंपली आणि ती बॅग भरायला वर गेली. बाहेर ओहोटी लागली, बदकं ओरडून थकली. पहिला बुडबुडा यायला दुपार झाली. तोवर बिसनाथ जागचा हलला नाही.